जुना ब्राउझर आणि आजचं पाणी

एका बाईचं घर मी तिच्या गावाच्या यादीतून जवळजवळ पुसून टाकलं होतं. त्या बाईला मी कधी पाहिलं नव्हतं, तिच्या गावात पाऊल ठेवलं नव्हतं. चौलला आमच्या सुपारीच्या वाडीत, ओटीवर बसून, चहा पिता पिता मी दोनचार ओळी लिहिल्या आणि एका जुन्या ब्राउझरला दार बंद केलं. वर स्वतःच्या कामावर खूश होऊन आणखी एक कप चहा घेतला.

तेव्हा आम्ही फोरम चालवायचो. आताच्या पोरांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ येतात. फोनवरच्या ग्रुपसारखंच ना, असं ती विचारतात. नाही रे बाबांनो. ग्रुपवर सकाळी बोललेलं संध्याकाळी वाहून जातं. फोरमवर एखाद्यानं धागा काढला की तो तिथंच राहायचा. तीन वर्षांनी कुणी येऊन त्याखाली प्रतिसाद लिहिला की सगळं भांडण पुन्हा वर यायचं, आणि भांडणारेही तेच असायचे.

बेलापूरच्या एका कंपनीतली नोकरी सोडून मी घरी आले होते. साहेबाशी भांडले होते, एवढं सांगितलं तरी पुरे. परदेशातल्या एकदोघांची कामं घरून करायची आणि उरलेल्या वेळात आपल्या भागातल्या माणसांसाठी मराठी फोरम चालवायचा, असं मनात होतं. तयार फोरम मिळत होते, पण त्यांत मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटायची. 'श्रीवर्धन' लिहावं तर दाताखाली खडा आल्यासारखं दिसायचं. मग मी चिडून स्वतःच सगळं लिहायला घेतलं. माझी बरीचशी कामं चिडण्यातूनच सुरू झालेली आहेत.

सदस्य जमत गेले. नागावचे होमस्टेवाले आले, आमच्यासारखे वाडीवाले आले, खारेपाटातले भातशेतीवाले आले. न्हावा शेव्याला कंटेनर ओढणारे आले, आणि मुंबई-पुण्याला किंवा आखातात जाऊन बसलेले तर सगळ्यांत आधी आले. नारळाच्या शेंड्यात शिरणाऱ्या गेंड्या भुंग्यावर एक धागा होता. पांढऱ्या कांद्याच्या माळा कशा बांधाव्यात यावर एक. आणि थंडी पडली की पोपटीचा धागा वर यायचा. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजायच्या, एवढी साधी गोष्ट. पण त्यात अंडी घालावीत का, कोंबडी घालावी का, का नुसत्या शेंगाच खऱ्या, यावर माणसं अशी तुटून पडायची की एका हिवाळ्यात दोघांना मला महिनाभर बाहेर बसवावं लागलं. आज त्यांतला एकही आवाज ऐकू येत नाही आणि मला त्या भांडणांची फार आठवण येते. अगदी त्या दोघांचीसुद्धा.

मला मदतीला एक मित्र होता. मूळचा उरणकडचा, घरचं मिठागर सुटलेलं, आता न्हावा शेव्याला त्याचे दोन ट्रेलर चालायचे. फोरमवर शिव्या देणाऱ्यांना समज द्यायचं काम त्याच्याकडे. स्वतः शिवी दिल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं होत नसे, पण लोक त्याचं ऐकायचे.

आणि एक आयडी होता, 'उघाडी'.

खारेपाटात ज्यांचं घर नाही त्यांना हा शब्द सांगावा लागतो. तिथं खाडी एका बाजूला आणि भातशेती दुसऱ्या बाजूला, मध्ये फक्त मातीचा बांध. बांधात मधे मधे दारं असतात. भरती आली की दार बंद करायचं, म्हणजे खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला उघडायचं, म्हणजे शेतातलं पाणी निघून जातं. हे दार म्हणजे उघाडी. बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं, की पुढची दोनतीन वर्षं त्या शेतात भाताचं नाव घ्यायला नको.

हा सदस्य रोज सकाळी एकाच धाग्यात एकच ओळ लिहायचा. धाग्याचं नाव 'आजचं पाणी'. ओळ अशी: 'भरती पावणेबाराला. उघाडी बंद राहील. बांध ठीक.' दुसऱ्या दिवशी वेळ थोडी पुढे सरकलेली. अष्टमीला 'भरती सहाला.' पुनवेला, अमावास्येला 'उधाण आहे, बांधावर माणसं आहेत.' बस. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही येतं. मग हा माणूस रोज हे का लिहितो, मला कळायचं नाही. धाग्याखाली कुणाचा एक प्रतिसाद नसे. त्याला काही विचारलं की उत्तर आठ-आठ दिवसांनी यायचं. एकदा मी विचारलं होतं, तुमच्या धाग्याला पावसाळी विभागात हलवू का? नऊ दिवसांनी उत्तर आलं, 'नको.' नऊ दिवस एका 'नको'ला! मला वाटलं, काय हा आळशी मनुष्य.

हा उघाडी ज्या ब्राउझरनं यायचा, त्या ब्राउझरनं माझं आयुष्य नासवलं होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांना सांगते. नवा दागिना करावा आणि तो घरातल्या एकाच्याच गळ्यात उलटा बसावा, तसं ते होतं. मी पानाची मांडणी बदलली की बाकी सगळीकडे नीट दिसायची आणि त्या एका ब्राउझरमध्ये उजवीकडचा रकाना घसरून खाली तळाला जायचा. गोल कोपरे चौकोनी व्हायचे. लिहायची चौकट दुसऱ्याच कशाखाली जाऊन बसायची. मग त्याच्यासाठी वेगळ्या ओळी लिहा, त्या ओळींमुळे दुसरीकडे बिघडलेलं निस्तरा. माझ्या कोडमध्ये त्या ब्राउझरसाठी वेगळी फाइल होती आणि तिच्यात मी शेजारी शेजारी अशा टिपा लिहून ठेवल्या होत्या, की वडिलांना वाचता येत नव्हतं हे माझं नशीब. ज्या कंपनीनं तो केला, तिनंही त्याच्यावर पाणी सोडलं होतं. तपासून पाहण्यासाठी म्हणून मी एक जुनाट मशीन घरात ठेवलं होतं. ते सुरू व्हायला लागलं की वाडीत फेरी मारून यावं, तरी त्याचं चालूच असायचं.

सर्व्हरवर लॉग असतो. कोण आलं, किती वाजता आलं, कुठल्या ब्राउझरनं आलं, सगळं तो न कंटाळता लिहीत असतो. एका सकाळी मी लॉग चाळून काढला. तो जुना ब्राउझर वापरणारं फोरमवर एकच उरलं होतं. उघाडी.

मी मित्राला फोन लावला.

"एका माणसासाठी किती मरशील?" तो म्हणाला. "बंद कर ना. आदमी नवा डालून घेईल. आणि न्हाय घेतला त काय, भरतीची वेळ कॅलेंडरात हाय."

पण मला लोकशाहीचं वेड. मी धागा काढला, जुन्या ब्राउझरला आधार देणं बंद करावं का, सात दिवसांत मत द्या. खाली लांबलचक कारणं लिहिली. खरं सांगायचं तर तेव्हाच माझं ठरलेलं होतं. आधार काढलेलं कोड मी मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी लिहून तयार ठेवलं होतं. मत मागवणं नुसतं रीत म्हणून.

तिसऱ्या दिवशी मला एक खासगी निरोप आला. आखातातल्या एका इस्पितळात नर्स असलेल्या बाईचा. ती कधी काही लिहायची नाही, नुसती वाचायची.

'आजचं पाणी बंद पडेल का?' तिनं विचारलं होतं.

मी लगेच लॉगमध्ये तिचा ब्राउझर पाहिला. नवाकोरा. मी उत्तर दिलं, 'तुमचा ब्राउझर नवा आहे. तुम्हाला काहीच फरक पडणार नाही.'

'माझा नाही, उघाडीचा जुना आहे.'

'त्यांनी नवा घालून घ्यावा. पाच मिनिटांचं काम आहे.'

मग तिचा थोडा मोठा निरोप आला. 'गावात आमचं घर कुलूपबंद आहे. आई-वडील गेले, भाऊ नाही. ते पाणी रोज वाचते म्हणून मी अजून त्या गावची आहे. ते थांबलं तर माझं तिथं काही उरणार नाही.'

मला वाटलं, बाई हळवी आहे. परदेशात राहून माणसं होतात अशी. मी लिहिलं, 'मग विरोधात मत द्या ना. मतदान त्यासाठीच आहे.'

'आमचं मत गाव देईल,' तिचं उत्तर आलं.

हे वाचून मी चक्क वैतागले. मत द्यायला सांगितलं तर गावावर ढकलून मोकळी! तिचा निरोप मी बंद केला. आज ती वाक्यं पुन्हा वाचली की वाटतं, बाईनं मला सगळं सरळ सांगितलं होतं. मी मात्र तिचा ब्राउझर बघत बसले होते.

चाळीसेक मतं बाजूनं पडली. विरोधात एकही नव्हतं. सातव्या दिवशी, मुदत संपायच्या जरा आधी, एक मत विरोधात आलं. उघाडीचं. मित्रानं लगेच हसणारे चेहरे टाकले. मी तयार ठेवलेलं कोड चढवलं. त्या ब्राउझरनं कुणी आलं तर त्याला एकच पान दिसेल, असं केलं: 'आपला ब्राउझर जुना झाला आहे. कृपया नवा घ्यावा.' 'कृपया' घातलं याचा मला त्या वेळी अभिमान वाटला होता. त्याच आठवड्यात ते जुनाट मशीन मी भंगारवाल्याला देऊन टाकलं, आणि तो ते सायकलला बांधून नेईपर्यंत फाटकात उभी राहून बघत होते.

'आजचं पाणी' थांबलं. अमावास्येचं उधाण आलं आणि गेलं, धाग्यात ओळ नाही. माझ्या लक्षातही आलं नाही. मी नव्या सोयी करण्यात दंग. मग एका सकाळी दुबईहून कुणीतरी विचारलं, 'आजचं पाणी कुठं आहे?' त्याखाली पुण्याहून एकानं, 'मीही हेच विचारणार होतो.' मग न्हावा शेव्याचा एक ड्रायव्हर, मग आणखी दोघं. ज्या धाग्यात वर्षानुवर्षं एक प्रतिसाद नव्हता, त्याला एवढे वाचणारे होते! आखातातली बाई मात्र गप्प होती.

मी मित्राला म्हटलं, हा उघाडी आजारी तर नसेल?

"आजारी कशाला?" तो म्हणाला. "तूच भायेर काढलास ना त्याला. आता तब्येत विचारतेस?"

मी त्याच्यावर खेकसले आणि फोन ठेवला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटर काढली. उघाडीनं नाव नोंदवताना गावाचं नाव लिहिलं होतं. अलिबाग, मग पोयनाडच्या पुढे आत वळायचं. भात निघून गेलेली शेतं उघडी पडली होती, मधे मधे वाल लावलेला. दर दोन घरांमागे एक तळं, त्यात जिताडा मासा सोडलेला. रस्त्याच्या कडेला एका बाईला विचारलं, कॉम्प्युटरवर पाण्याची वेळ लिहितात ते कुठं राहतात? तिनं वेळ न लावता देवळाशेजारच्या समाजमंदिराकडे बोट दाखवलं.

तिथं सत्तरीचे एक काका पायरीवर बसून जाळ्याची गाठ सोडवत होते. गावच्या उघाडीचं दार उघडायचं आणि लावायचं काम त्यांच्याकडे, तीस वर्षं. मी कोण ते सांगितलं. मला वाटलं, आता मला चांगलं धारेवर धरतील.

"बस, बाय," ते म्हणाले. "उन्हातून आलीस. पानी घे."

आत भिंतीवर काळा फळा होता. त्यावर खडूनं आजच्या भरतीची वेळ. फळ्याखाली टेबलावर फुलाफुलांचा कपडा टाकलेला कॉम्प्युटर. जवळच्या एका कारखान्यानं आपली जुनी मशीनं वाटली, त्यांतलं ते एक. त्यावर नवा ब्राउझर बसतच नव्हता. माझ्या पाच मिनिटांच्या कामासाठी गावातल्या शिकलेल्या मुलांनी दोन रविवार घालवले होते.

"मग मला कळवायचं ना, काका," मी म्हटलं. "फोन करायचा. भांडायचं."

"भांडायचं कशाला? सभंनं ठरवलं ना तुमच्या? आमचा येक हात, बाकी समदे तुमचे. सभंत हारलो त हारलो. सभा उठल्यावर बोलायचं न्हाय, आमच्या गावकीत तसं हाय."

"पण तुमचं एकट्याचं मत..."

"येकट्याचं?" ते हसले. "तीन सांजा गावकी बसली त्याच्यावर. कोन म्हनं, मशीन जुनंच हाय, सोडा. बाया म्हनल्या, न्हाय सोडायचं. शेवटी समद्या गावानं ठरवलं, मंग मी येऊन बटन दाबलं. गावाचा भायेर येकच हात असतो, बाय."

मी ज्याला एक माणूस म्हणून लॉगमध्ये मोजलं होतं, तो सबंध गाव होता. 'नको'ला नऊ दिवस का लागले तेही मला तिथं कळलं. माझ्या सात दिवसांच्या मुदतीत या लोकांनी तीन सभा घेतल्या होत्या. मी एकही घेतली नव्हती.

मग त्यांनी बांधाची पाळी सांगितली. उधाणाच्या दिवशी घरटी एक माणूस घमेलं घेऊन बांधावर हजर पाहिजे, ही गावची पूर्वीपासूनची रीत. ज्या घराची पाळी लागोपाठ दोन उधाणं चुकली, त्याचं नाव बांधाच्या यादीतून कटतं. मग त्या घराला गावकीत बसायला जागा नाही, बोलायला तोंड नाही. पण घरंच्या घरं बाहेर गेली, तेव्हा काय करायचं? काकांनीच तोड काढली होती. बाहेरच्यांनी रोज गावचं पाणी वाचायचं. जिथं असाल तिथं, पण वाचायचं. ती त्यांची पाळी.

"वाचलं का नाही, कसं कळायचं?" मी विचारलं.

"खोटं कोन वाचंल?" काका म्हणाले.

आता लिहिणंच बंद पडलं, तेव्हा वाचायची पाळीही संपली. पुन्हा जुनी रीत. बाहेरचे बाकी लोक निभावून नेणार होते. कुणाचा भाऊ उभा राहील, कुणी न्हावा शेव्याहून एक खाडा करून येईल. अडली होती एकच, ती आखातातली नर्स. बापाच्या घराची पाळी मुलीनं घ्यायची हेच आधी काहींना पटलं नव्हतं. गावकीचं सगळंच गोड असतं असं नाही. पण वाचायला चिखल उचलावा लागत नाही, म्हणून कुणाला अडवता आलं नव्हतं. आता अमावास्येचं एक उधाण चुकलं होतं. चार दिवसांनी माघी पौर्णिमा, त्या दिवशी यादी वाचायची होती.

"तिच्या बापाच्या शेजारी मी बांध बांधलाय," काका एवढंच म्हणाले.

मी तिथंच ठरवलं की पौर्णिमेच्या आत ते दार उघडायचं. पण घोडं अडलं भलत्याच ठिकाणी. तपासायचं मशीन मी हौसेनं भंगारात घातलेलं. आता साऱ्या जिल्ह्यात मला माहीत असलेलं त्या जातीचं एकच मशीन उरलं होतं, ते या फुलाफुलांच्या कपड्याखाली. मग सलग दोन दिवस मी सकाळी तिथं जाऊन बसले. दारातून गाव डोकावून जायचं. एका घरून तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण आलं, दुसऱ्या घरून पोपटी. नुसत्या शेंगा आणि अंडी. म्हणजे त्या धाग्यात हे गाव कुठल्या बाजूचं ते मला कळलं.

पहिल्या सकाळी मी जुनं कोड तात्पुरतं परत लावलं आणि काकांना म्हटलं, तुम्ही रोज कसं लिहायचात ते एकदा दाखवा. ते खुर्चीवर ताठ बसले. माउस कधीच बिघडलेला. त्यांनी टॅबची कळ दाबायला सुरुवात केली आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागले. सतरा वेळा दाबल्यावर लिहायची चौकट आली.

"पह्यले अकरा होते," ते म्हणाले. "मंग तू वरती काय ती चित्रं लावलीस, तवा चवदा झाले. गेल्या साली सतरा. दर खेपेला शोधून काढायला लागतं."

मी दर वर्षी सोयी वाढवल्या होत्या. त्या माणसानं दर वर्षी त्यातून नवी वाट काढली होती, आणि तक्रारीचा एक शब्द लिहिला नव्हता. मला रडू आलं. काकांना वाटलं मशीन बिघडलं, ते घाईनं वायर हलवून बघायला लागले.

नवं पान मी अगदी साधं केलं. रंग नाही, चित्र नाही, रकाने नाहीत. वर मागच्या ओळी, खाली एक चौकट, एक बटण. टॅब एकदा दाबला की चौकट. दुसऱ्या दिवशी दुपारी काकांनी तो दाबला, चौकट आली, आणि पुढचे सोळा टॅब दाबायला उचललेलं बोट तसंच वर राहिलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

"आता लिहा," मी म्हटलं.

पौर्णिमेच्या दिवशी बाराच्या सुमाराला पाणी बांधाच्या पार काठाला आलं. माणसं घमेली घेऊन उभी होती. बांध टिकला. चार वाजता, पाणी उतरल्यावर, तिथंच बांधावर गावकी बसली आणि यादी वाचायला सुरुवात झाली. मी परकी, म्हणून जरा लांब उभी होते. नर्सच्या घराचं नाव आलं तसा एक गृहस्थ उठला.

"मागच्या उधाणाला त्यांचं कोनी नव्हतं. मधले पंधरा दिस पानी लिवलंच न्हाय. ज्ये लिवलं न्हाय त्ये वाचलं कसं? आता दोन दिस वाचून पाळी भरत न्हाय. खाडा तो खाडा. नाव काढा."

काका बांधाकडे बघत होते. त्यांच्या हातात घमेलं होतं आणि ते त्यांनी खाली ठेवलं नव्हतं.

आदल्या संध्याकाळी घरी मी लॉग काढून बघितला होता. सहज नव्हे, भीतभीतच. तो कागद माझ्या पर्समध्ये होता. मी पुढे झाले.

"खाडा तिचा नाही," मी म्हटलं. "दार मी लावलं होतं. तुमच्याकडून लिहिणं होईना ते माझ्यामुळं. पण ती रोज आली होती. पंधराच्या पंधरा दिवस, तिच्याकडच्या सकाळी सहाच्या आत. धागा उघडायची, नवी ओळ नसायची, तरी दुसऱ्या दिवशी यायची. माझ्याकडे लिहिलेलं आहे."

मी कागद पुढे केला. यादी वाचणाऱ्या म्हाताऱ्यानं तो घेतला नाही.

"कागद ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. त्यानं उठलेल्या गृहस्थाकडे पाहिलं. "बंद दारावर रोज येऊन उभी ऱ्हायली पोर. मंग पाळी अजून काय असते?"

तो गृहस्थ खाली बसला. नाव राहिलं. पुढचं घर वाचलं गेलं.

उठताना काकांनी हातातलं घमेलं माझ्याकडे दिलं. "चूक तुझी हाय म्हनलीस ना? मंग पाच घमेली टाक." मी टाकली. चिखलात एक चप्पल गेली ती गेलीच. फोरमवर मी हे लिहिलं तेव्हा मित्रानं माझी इतकी टर उडवली, की त्यालाच एक आठवडा बाहेर बसवावं लागलं.

फोरम त्यानंतर चारपाच वर्षं चालला. मग फोनवरचे ग्रुप आले, भांडणं तिकडं गेली, पोपटीचा धागा एका हिवाळ्यात वर आलाच नाही. बंद करायची वेळ आली तेव्हा मी मतदान ठेवलं नाही. आधी त्या गावात गेले, गावकीत बसले, विचारलं. चार सांजा लागल्या. बाकी सगळं बंद करा, पाण्याचं पान ठेवा, असं ठरलं. ते मी ठेवलं आहे.

काका आता नाहीत. ते मशीनही नाही. जगात तो ब्राउझर वापरणारं आता कुणी असेल असं वाटत नाही, आणि त्याच्यासाठी लिहिलेल्या ओळी पानात अजून आहेत. काढायला पाच मिनिटं लागतील. दोनदा बसले काढायला, दोन्ही वेळा उठले.

आखातातली नर्स नोकरी संपवून परत आली. कुलूप गंजलं होतं, चावी फिरेना, तोडावं लागलं, असं तिनं मला फोनवर सांगितलं. उधाणाला ती घमेलं घेऊन स्वतः उभी राहते. आणि उघाडीची ओळ आता तीच लिहिते, फोनवरून, काकांच्याच आयडीनं, काकांच्याच चार शब्दांत.

आज सकाळी होती, 'भरती दहाला. उघाडी बंद राहील. बांध ठीक.' माझं घर चौलला, त्या यादीत माझं नाव नाही, मला कुणी पाळी लावून दिलेली नाही. वाचलं, आणि मग चहा ठेवला.